मुलगी अकरा वर्षांची आहे म्हणालात, म्हणून लिहितोय

एच-वन-बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) न्यू जर्सीला यावं का, तिथे एकटं पडायला होईल का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाचे नियम सरकारी पानांवर मिळतील. मी लिहितोय ते तुमच्या मुलीच्या वयाबद्दल.

दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत (कायम राहण्याच्या परवान्यांत) एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग दशकांची आहे. मूल २१ वर्षांचं झालं की एच-फोर, म्हणजे आईबापांच्या व्हिसावर मिळणारा मुलांचा व्हिसा, संपतो; आईबापांच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातूनही ते बाहेर पडतं (तिथे वयातून अर्ज पडून राहिलेल्या दिवसांची थोडी वजाबाकी मिळते). माझ्या मुलीला सुट्टीत काम करता आलं नाही, सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) नाही, कॉलेजला केंद्र सरकारची मदत नाही. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, ‘मग तू इथली नाहीसच.’ ते अजून सलतं.

इथल्या आपल्या लोकांत सल्ला एकच: ग्रीन कार्डाची केस चालू आहे, गप्प राहा. तिने ऐकलं नाही. बोलायला ती शिकली बिनकागदाच्या मुलांकडून, म्हणजे ज्यांच्याकडे राहण्याचा कुठलाच परवाना नाही आणि ज्यांना तर पकडून देशाबाहेर घालवतील अशी भीती होती. मार्च २०१० मध्ये शिकागोच्या चौकात ती मुलं स्वतःचं नाव घेऊन ‘आमच्याकडे कागद नाहीत आणि आम्ही भीत नाही’ म्हणाली. डिसेंबरात ड्रीम अ‍ॅक्ट, म्हणजे अशा मुलांना कायम राहण्याची वाट देणारं विधेयक, सिनेटमध्ये पडलं. ६० मतं हवी होती, ५५ मिळाली. तरी ती थांबली नाहीत. जून २०१२ मध्ये डेन्व्हरला त्यांनी ओबामांच्याच प्रचार कार्यालयात ठिय्या दिला, आणि त्याच महिन्यात डाका (DACA) आलं, म्हणजे लहानपणी आलेल्या अशा मुलांना देशाबाहेर न घालवता काम करू देणारी योजना. आपल्या बाजूच्या माणसालाही अडचणीत आणायची त्यांची तयारी होती.

‘यात मुलांचा काय दोष’ ही सहानुभूतीची भाषाही त्यांच्यातल्या अनेकांनी नाकारली, कारण त्यात दोष आईबापांवर जातो. मुलीने हे मला सांगितलं तेव्हा माझ्याच्याने बोलवेना.

डाका मात्र तिला नाही, कारण त्या वेळी तिच्याकडे वैध व्हिसा होता. पुढे तिच्यासारख्या, आईबापांच्या व्हिसावर वाढलेल्या मुलांच्या ‘इम्प्रूव्ह द ड्रीम’सारख्या गटांतली मुलं खासदारांना भेटत राहिली, आणि २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात बिनकागदाची आणि व्हिसावरची, दोन्ही प्रकारची मुलं होती. सिनेटमध्ये ते अडलं. मुलगी आता टोरांटोत असते.

एकटेपणाचं म्हणाल तर माणसं जोडली जातात. कंपनी ग्रीन कार्डाची प्रक्रिया कधी सुरू करणार, ते लेखी घ्या. आणि २१ व्या वर्षाचं मुलीला तिकिटं काढण्याआधी सांगा, तिलाही विचारा.