डायलर सायरनच्या टर्मिनलला जोडू नका

चोरीच्या अलार्मला डायलर, म्हणजे अलार्म वाजला की ठरलेल्या नंबरांना फोन लावणारं यंत्र, जोडताना त्याचा ट्रिगर (फोन लावायचा इशारा घेणारं टोक) थेट अलार्म पॅनलवरच्या सायरनच्या टर्मिनलला जोडायचा मोह होतो, कारण तार समोरच असते. पण तिथली तार शाबूत आहे का हे तपासायला बरीच पॅनल्स त्यातून कायम थोडा करंट सोडतात. संवेदनशील डायलरला तेवढाही पुरतो आणि रात्री-अपरात्री खोटे फोन जातात.

त्यापेक्षा पॅनलचं प्रोग्रॅमेबल आउटपुट, म्हणजे कधी चालू व्हायचं ते ठरवता येणारं आउटपुट, वापरा आणि ते अलार्मवर चालू होईल असं ठरवा. ते बहुधा निगेटिव्हकडे खेचतं आणि थोडाच करंट पेलतं, म्हणून मध्ये 12 व्होल्टचा छोटा रिले (कॉइलने चालणारा स्विच) हवा. 400 ओहम कॉइलचा असला तर 30 मिलिअँपिअरवर भागतं. कॉइलचं एक टोक पॅनलच्या ऑक्झिलरी पॉझिटिव्हला (बाहेरच्या उपकरणांसाठीचा 12 व्होल्ट सप्लाय), दुसरं आउटपुटला. कॉइलवर 1एन4007 डायोड, पट्टा पॉझिटिव्हकडे. हा विसरलात तर रिले सुटताना उसळणारा व्होल्टेज आउटपुटचा ट्रान्झिस्टर उडवतो. रिलेचे कॉमन आणि नॉर्मली ओपन संपर्क डायलरच्या ट्रिगर व ग्राउंडला, अर्थात डायलरला कोरडा संपर्क (स्वतःचा व्होल्टेज नसलेला, नुसता स्विच) चालत असेल तर. मॅन्युअल बघाच.

डायलरचा सप्लाय पॅनलमधूनच घ्या, म्हणजे वीज गेली तरी बॅटरी आहे. मोबाइल नेटवर्कचा डायलर फोन लावताना क्षणभर जास्त करंट ओढतो. तार बारीक आणि लांब असली की व्होल्टेज पडून तो ऐन वेळी रीसेट होतो. त्याच्या टर्मिनलपाशी 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर लावा. अँटेना झोनच्या (सेन्सरच्या) तारांपासून मीटरभर दूर. सिमचा पिन लॉक आधीच काढून टाका.

चाचणी मेन बंद करून, फक्त बॅटरीवर घ्या.