जुन्या सॅन स्टॉर्मची बॅटरी वारंवार उतरते. डायनामो बदलायचा की बॅटरी?

तुम्ही लिहिलंय की गाडी माहीमला सोसायटीच्या आवारात कव्हरखाली उभी असते, रविवारी सकाळी वरळीपर्यंत एक फेरी होते, दीड वर्षात दुसरी बॅटरी बसली आणि आता मेकॅनिक डायनामो (म्हणजे अल्टरनेटर, इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) बदला म्हणतोय. कृपा करून सध्या काहीही बदलू नका. आधी लॅमिंग्टन रोडला जाऊन एक बरा मल्टिमीटर घ्या. मी तेवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. या गाडीत दोष बऱ्याचदा भलतीकडेच असतो आणि मार बॅटरी खाते.

कारण तिची बॉडी. स्टॉर्म गोव्यात बनली, इंजिन रेनॉचं १.२ लिटरचं आणि बॉडी फायबरची. पत्र्याच्या गाडीत कुठेही स्क्रू पिळला की अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंटची परतीची वाट, मिळते. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला परतीची वाट वायरनेच द्यावी लागते. त्यात इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे इंजिनला जोडणारी अर्थची पट्टी हीच सेल्फची आणि डायनामोचीही मुख्य वाट. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ती आतून कुजते. वरून बघितलं तर धड दिसते.

शिवाजी पार्कजवळच्या एका स्टॉर्मचं सांगतो. तक्रार हुबेहूब तुमचीच. सेल्फ मारला की तो कण्हत फिरायचा, म्हणून सगळ्यांनी बॅटरीला दोष दिला. पण सेल्फ कण्हत असताना बॅटरीच्या खांबांवर मीटर ११.२ व्होल्ट दाखवत होता. बॅटरी खरंच मेलेली असती तर तो आकडा इतका टिकला नसता. मग गाडी चालू केली, हेडलाइट आणि ब्लोअर लावले. डायनामोच्या मागच्या जाड बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत मोजलं तर १४.४ आणि बॅटरीवर १३.२. मधले १.२ व्होल्ट गेले कुठे? मीटरची एक पिन डायनामोच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली आणि पूर्ण १ व्होल्ट तिथे सापडला. खाली आडवा होऊन चॅसीवरून इंजिनला येणारी विणलेली पट्टी चाचपली. गरम होती, आणि बोटांनी जरा पिळली तर हिरवी पूड हातात आली. डायनामोला आपल्या जागी १४.४ दिसत होते, त्यामुळे त्याच्या मते काम चोख चाललं होतं. बॅटरी मात्र कायम अर्धपोटी राहायची. अशी महिनोन्‌महिने अर्धी भरलेली बॅटरी सल्फेट धरते, म्हणजे आतल्या प्लेटांवर कडक थर बसतो, आणि मग खरोखरच मरते. २५ स्क्वेअर एमएमची नवी तांब्याची केबल, टोकांना दाबून बसवलेल्या लगा (बोल्टात अडकवायच्या कड्या), खालचा गंज घासून काढला, वर पेट्रोलियम जेली. बॅटरीवर १४.२ आले. डायनामो जुनाच राहिला.

तुमच्या गाडीत हेच असेल असं मी न बघता म्हणणार नाही, पण तपासायला पैसे लागत नाहीत. शेजाऱ्याकडची जंप केबल आणा, तिची एकच तार बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडावर लावा आणि सेल्फ मारा. एकदम चपळ फिरला तर दोष अर्थिंगचा.

आता मापं रीतसर घ्या. पहिलं सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर, दार उघडायच्याही आधी शक्य झालं तर. पिन शिशाच्या खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नको, कारण खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्येच पांढरी पूड साचते. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. नुकतीच चार्ज केली असेल तर आकडा फुगलेला येतो. दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग मोजा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर ती संपली. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणारी नळी) सहाही खाने बघा. एका खान्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने कमी असेल तर तो खाना गेला, आणि एक गेला की बॅटरी गेली.

मग डायनामो. इंजिन साधारण २,००० आरपीएमवर धरा, हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावा. बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) खराब, तो बॅटरीचं पाणी उकळवतो. १३.८ सुद्धा येत नसतील तर ही दोन मापं घ्या: जाड बोल्ट ते बॅटरी पॉझिटिव्ह, आणि डायनामोची बॉडी ते बॅटरी निगेटिव्ह. दोन्हीकडे ०.२ च्या आत हवं. ते ठीक असूनही चार्जिंग नसेल तर फॅन बेल्ट घसरतोय का बघा, मग कार्बन, म्हणजे डायनामोच्या आतले घासणारे ब्रश. कार्बन झिजणं ही डायनामोची सगळ्यात साधी आणि स्वस्त दुरुस्ती आहे. अख्खा डायनामो बदलायची घाई त्यासाठी करू नये. आणि चावी फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो ना, हे आवर्जून बघा. जुन्या गाड्यांत डायनामोला पहिली चालना त्या दिव्यातूनच मिळते. दिवा गेलेला असेल तर चांगला डायनामोही मुकाट बसून राहतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन बंद पडलं नाही तर डायनामो चांगला, अशी परीक्षा आजही बऱ्याच ठिकाणी घेतात. तुमच्या मेकॅनिकने तसं करायला हात पुढे केला तर थांबवा. बॅटरी सुटली की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि इंजिनचा ईसीयू, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, जाऊ शकतो. या गाडीचा ईसीयू शोधत किती फिरावं लागेल, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत असेल.

हे सगळं ठीक निघालं तर उभ्या गाडीतून काही गळतंय का ते बघायचं. चावी काढून, दारं लावून, बॅटरीचा निगेटिव्ह सोडा आणि मीटर १० अँपियरच्या खाचेत लावून खांब आणि सोडलेली वायर यांच्या मध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल. ५० मिलीअँपियरच्या आत आलं तर सर्वसाधारणपणे चालतं, पण तुमच्यासारखी आठवड्याला एकदा निघणारी गाडी असेल तर तेही जास्त. ४० मिलीअँपियर म्हणजे दिवसाला जवळपास १ अँपियर-तास, आठवड्याला ७. बॅटरी ३५ ची असेल तर पाचवा हिस्सा गेला, आणि वरळीपर्यंत सिग्नलला थांबत केलेल्या फेरीत तो पुरता भरत नाही. जास्त आलं तर एकेक फ्यूज काढा. ज्याने आकडा पडेल ती लाइन. बाहेरून बसवलेले स्टिरिओ आणि सेंट्रल लॉक मला सर्वांत जास्त वेळा सापडलेत.

आवारात चार्जरसाठी प्लग नसेल तर निगेटिव्हवर कटऑफ स्विच बसवून घ्या. तोवर ही चार मापं घ्या: सकाळचं, सेल्फ मारतानाचं, २,००० आरपीएमचं आणि डायनामोच्या बॉडीपासून निगेटिव्हपर्यंतचं. इथे लिहून टाका, मी बघतो.