चरित्राचे चार, कवितेचे चार

प्रश्न : कादंबरी, चरित्र, विज्ञान, कविता असं सगळंच वाचतो. प्रत्येक पुस्तकाला पाचपैकी गुण देतो, पण दोन महिन्यांनी चार का दिले तेच आठवत नाही. नोंद कशी ठेवावी?

उत्तर : चरित्राचे चार आणि कवितासंग्रहाचे चार एका मापाचे नसतात, घोटाळा तिथेच आहे. गुण त्या-त्या प्रकारापुरतेच द्या. पुस्तक संपलं की एक-दोन दिवसांत पाच-सहा ओळी लिहा. आधी मत, मग त्याला पुरावा. ‘भाषा छान’ यातून पुढे काहीच कळत नाही. ‘पान 87, आईच्या तोंडी लेखकाचं भाषण’ यातून कळतं. आवृत्तीही टिपा, कारण नव्या आवृत्तीत पानं सरकतात. ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की पानंच बदलतात, तेव्हा प्रकरणाचा क्रमांक बरा. अनुवादकाचं नाव हवंच, नाहीतर त्याच्या अडखळत्या वाक्यांचं खापर मूळ लेखकावर फुटतं. विज्ञानाच्या पुस्तकाचं प्रथम प्रकाशनवर्ष पाहा : प्लूटो ग्रहांच्या यादीतून 2006 मध्ये वगळला गेला, त्यामुळे त्यापूर्वीच्या पुस्तकात तो ग्रह असेल, तर ती लेखकाची चूक नव्हे. अर्धवट सोडलेली पुस्तकंही वहीत येऊ द्या, कुठल्या पानावर आणि का सोडली त्यासकट.