खेळाच्या तासातून सूट हवी, असे मूल म्हणते तेव्हा

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना उलटला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक मागणी हमखास येते. आमच्या मुलाला किंवा मुलीला शारीरिक शिक्षणाच्या तासातून सूट मिळावी, असे पत्र द्या, असे पालक सांगतात. दम लागतो, पोट दुखते, दहावी आता फार लांब राहिलेली नाही, अशी कारणे त्यामागे असतात, आणि बहुतेक वेळा पालक मनापासून काळजीत असतात. असे पत्र मी सहसा देत नाही. त्यामागचा विचार एका मुलीच्या अनुभवातून सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी आठवीत होती आणि घर कोल्हापुरातल्या एका पेठेत होते. आजोबा तरुणपणी तालमीत घुमलेले, थोरला भाऊ पेठेच्या संघातून फुटबॉल खेळणारा. आई म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात पोरं तालमीची माती अंगाला लावून मोठी झाली, आणि हिला मैदानाचं नाव काढलं तरी रडू येतं." ज्या दिवशी वेळापत्रकात खेळाचा तास असे, त्या दिवशी सकाळी तिचे पोट दुखे आणि दुपारनंतर ते आपोआप थांबे. घरच्यांनी याला कामचुकारपणा ठरवून टाकले होते.

असे दुखणे मनाचे आहे, असे म्हणण्याआधी शरीर तपासून घ्यावे, हा माझा आग्रह असतो. तिच्या रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघाले. या वयाच्या मुलींमध्ये ते 12 ग्रॅमच्या खाली असले तर रक्तक्षय मानला जातो, आणि 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी सुमारे 59 टक्के मुली रक्तक्षयाच्या आढळल्या होत्या, म्हणजे हे दुखणे घराघरांतले आहे. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी ती मळमळते म्हणून दप्तरात टाकून देत होती. डॉक्टरांनी औषध सुरू केले, गोळी जेवणानंतर घ्यावी आणि तिच्या आगेमागे चहा घेऊ नये, असे समजावले. पळताना दम का लागतो, याचे निम्मे उत्तर तिथेच मिळाले.

उरलेले निम्मे तिच्याशी एकटीने बोलल्यावर कळले. थेट विचारले की ती "काही नाही" म्हणायची, म्हणून मी तिला मैदानाचे चित्र काढायला सांगितले. तिने आधी पाण्याचा नळ काढला, मग वरच्या वर्गातली मुले बसतात तो कट्टा, आणि धावण्याची रेघ बरोबर त्या कट्ट्यासमोर संपवली. धावण्याची चाचणी झाली की वेळ सगळ्यांसमोर नाव घेऊन वाचली जाई आणि तिचे नाव शेवटी येई. त्यावरून कट्ट्यावरच्या कोणीतरी तिला 'मालगाडी' म्हटले आणि ते नाव वर्गापर्यंत पोहोचले. त्याच वर्षी तिला पाळी सुरू झाली होती. खेळाचा गणवेश पांढरा होता, आणि डाग पडेल या भीतीने ती त्या दिवसांत बाकावरून उठतसुद्धा नव्हती. अंग वाढत असताना आधार देणारे योग्य अंतर्वस्त्र नसल्यामुळे पळताना आणि उड्या मारताना छाती दुखते, ही गोष्ट तिने आईलाही सांगितलेली नव्हती, मग खेळाच्या सरांना ती कुठून सांगणार? या सगळ्यात आळसाचा लवलेशही नव्हता.

इथे आपल्या गावाबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागचे कुस्ती मैदान उभारले, राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, आणि 2024 साली पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत तसेच पदक आणले. याचा अभिमान मलाही आहे. पण ज्या गावात खेळाडूंचे इतके कौतुक होते, तिथे साधारण मुलाची अशी समजूत चटकन होते की मैदान जिंकणाऱ्यांचे असते आणि आपण बाजूला बसायचे असते. शाळेचा संघ निवडणे हे एक काम झाले आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला हालचालीची गोडी लावणे हे वेगळे काम झाले. शारीरिक शिक्षणाचा तास या दुसऱ्या कामासाठी असतो. ज्या मुलाला पळता येत नाही, त्याला तर त्याची गरज सर्वांत जास्त असते.

मुलीची आणि आईची संमती घेऊन मी शाळेतल्या सरांना भेटले. एक मैदान, साठ मुले, आणि तालुक्याच्या स्पर्धांसाठी संघ तयार करण्याचा दबाव, ही त्यांची अडचण खरी होती. तरीही त्यांनी मनापासून बदल केले. धावण्याची वेळ मोठ्याने वाचणे बंद झाले. प्रत्येक मूल आपली वेळ आपल्या वहीत लिहू लागले आणि मागच्या महिन्यातल्या स्वतःच्याच वेळेशी ती ताडून पाहू लागले. खेळाच्या दिवशी गडद ट्रॅक पँट घालायची परवानगी मिळाली. पाळीच्या दिवसांत मुलीने वर्गशिक्षिकेला सांगायचे आणि त्या दिवशी चालणे किंवा हलके ताण देणारे व्यायाम करायचे, असे ठरले. पाळीत व्यायाम केल्याने अपाय होत नाही, उलट हलक्या हालचालीने पोटातल्या कळा अनेकींना कमी जाणवतात. तासाला मैदानाचे तीन भाग केले गेले, एकीकडे चेंडूफेक, दुसरीकडे दोरीवरच्या उड्या आणि तिसरीकडे लेझीम.

ही मुलगी लेझमीत रमली. चार आवाजाचा साधा प्रकार हलगीच्या ठेक्यावर करताना गुडघे वाकतात, कंबर फिरते, खांदे आणि मनगटे सतत काम करतात आणि पाच-सात मिनिटांतच घाम येतो. पण तिथे पहिला-शेवटचा नंबर नसतो, आणि एखादीचे पाऊल चुकले तर शेजारची हळूच ठेका धरून देते. आपल्याकडच्या पावसात मैदानावर चिखल होतो तेव्हाही शाळेच्या व्हरांड्यात लेझीम चालू ठेवता येते, हा आणखी एक फायदा.

घरच्या बाजूनेही बदल हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातले किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. आठवड्यातल्या दोन तासिकांत हे बसणारच नाही. म्हणून ती शिकवणीला सायकलने जाऊ लागली आणि सुट्टीच्या दिवशी मावशीबरोबर रंकाळ्यावर भरभर चालू लागली. आजोबांना पहिल्याच दिवशी जोर-बैठका सुरू करायच्या होत्या. त्यांना मी थोडे थांबवले. आईने योग्य अंतर्वस्त्रे आणून दिली, आणि जेवताना वजनाचा विषय व भावाशी तुलना ही दोन्ही बंद केली. ती खेळाडू झालेली नाही आणि धावण्याच्या चाचणीच्या आदल्या दिवशी ती अजूनही अस्वस्थ असते, पण तासाला जाते.

दहावीच्या काळजीने सूट मागणाऱ्यांना मी एवढेच विचारते की तो तास वाचवून मूल खरोखर अभ्यास करते का. हालचालीनंतर लक्ष चांगले लागते आणि झोपही नीट येते, तेव्हा अभ्यासासाठीसुद्धा तो तास राहू द्यावा.

काही मुलांना सवलत खरोखर लागते. मोडलेले हाड, नुकताच होऊन गेलेला मोठा ताप, हृदयाचा विकार किंवा दमा असेल तर डॉक्टरांकडून पत्र घ्यावे, आणि त्यात 'सूट द्यावी' एवढेच न लिहिता काय टाळायचे, किती आठवडे टाळायचे आणि काय चालेल, हे लिहून मागावे. दम्याची बरीच मुले डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्हेलर वापरून व्यवस्थित खेळतात. व्यायाम करताना मूल बेशुद्ध पडले किंवा त्याच्या छातीत दुखू लागले, तर मात्र समुपदेशकाकडे येण्यात वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.