गायिकांमध्ये फक्त चढाओढच असते का?

तुम्ही विचारलंय की मुलगी गाणं शिकते, पण क्लासमधल्या मुलींची सारखी तुलना होत असल्यामुळे ती कंटाळली आहे. मोठ्या गायिका तरी एकमेकींकडून काही घेतात का, आणि ऐकणाऱ्यांच्या आयुष्यात त्यानं खरंच फरक पडतो का? मी पुण्यात वाढले, थोडं शिकले, पुष्कळ ऐकलं. त्यावरून सांगते.

चढाओढ असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण घेणं-देणं त्याहून फार मोठं आहे, आणि ते फक्त रागाचं किंवा तानांचं नसतं.

हिराबाई बडोदेकरांचंच बघा. गाणाऱ्या बाईकडे घरंदाज माणसं नाक मुरडून बघत, त्या काळात तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही गायिकांपैकी त्या एक. त्यामागे त्यांच्या आई ताराबाई माने होत्या. हिराबाईंचे वडील, नामवंत गायक अब्दुल करीम खाँसाहेब, यांच्यापासून वेगळ्या होऊन पाच मुलांना घेऊन निघालेली ही बाई. हिराबाई आणि धाकट्या सरस्वतीबाई राणे या बहिणी पुढे जोडीनं गायल्या. दोन बायकांची जुगलबंदी तेव्हा लोकांना नवीनच होती.

आता प्रभा अत्रे. जन्म पुण्याचा, १९३२चा. आई इंदिराबाईंची तब्येत बरी नसायची, गाण्यानं बरं वाटेल असं कुणी सुचवलं म्हणून त्यांनी शिकवणी लावली. आईनं ती थोड्याच दिवसांत सोडली, लेकीनं मात्र गाणं धरलं ते कायमचं. पुढे सुरेशबाबू माने आणि हिराबाई या भावाबहिणीकडे तालीम झाली. विज्ञान आणि कायदा या दोन्हीतल्या पदव्या घेतलेली ही मुलगी गाण्याकडे वळली, स्वतःच्या बंदिशी बांधल्या, सरगमवर डॉक्टरेट केली. हिराबाईंनी जाहीर मैफलीला प्रतिष्ठा मिळवून दिली नसती, तर एका मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला हे जमलं असतं? मला नाही वाटत. प्रभाताईंनीही ते ऋण मानलं. १९९२पासून त्या आपल्या दोन्ही गुरूंच्या नावानं दरवर्षी संगीत समारोह करत असत.

किशोरीताई आमोणकरांचं उदाहरण वेगळं आहे, आणि मला ते जास्त जवळचं वाटतं. मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या आई आणि गुरू. आईच्या मागे तंबोऱ्यावर बसून मैफली करताना, एवढ्या मोठ्या गायिकेला बिदागी किती मिळते आणि वागणूक कशी मिळते, हे त्यांनी जवळून पाहिलं. स्वतः गायला लागल्यावर कलावंताच्या मानाच्या बाबतीत त्यांनी तडजोड केली नाही. लोक त्यांना तापट म्हणत. मला त्या तापटपणात आईचा अपमान न विसरलेली मुलगी दिसते. त्यांच्याकडे माणिक भिडे शिकल्या आणि माणिकताईंकडे त्यांची लेक अश्विनी भिडे-देशपांडे. चार गायिकांची ही साखळी आजही मैफलीत ऐकता येते.

(जात्यावरच्या ओव्या विसरू नका. एकीनं ओळ सुरू करायची, दुसरीनं उचलायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बायकांना कुणी गायिका म्हटलं नाही, पण मी म्हणते.)

ऐकणाऱ्यांचं म्हणाल तर माझंच सांगते. माझा आवाज जाड. बाकीच्या मुली काळी चारमध्ये गायच्या, माझी पट्टी काळी दोन, म्हणजे पेटीवर बरीच खालची. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मी चारचौघांत बोलतानाही आवाज दाबायची. मग गंगूबाई हनगलांचं गाणं कानावर पडलं. घशावरच्या उपचारांनंतर त्यांचा आवाज भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला होता. त्या आवाजाला लपवायचं सोडून त्या त्याच आवाजात शांतपणे, ठामपणे राग मांडत होत्या. सवाई गंधर्व महोत्सवात हजारो माणसं तो आवाज कान देऊन ऐकायची. त्यानंतर मी काळी दोनमध्येच पेटी लावून घेतली. आज पेठेतल्या आमच्या भजनी मंडळात खालच्या पट्टीतले अभंग माझ्याकडे असतात, आणि ऑफिसच्या मीटिंगमध्येही मी मोकळ्या आवाजात बोलते.

गंगूबाईंच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गायच्या. मुलीच्या हिंदुस्तानी गाण्यावर परिणाम नको म्हणून त्यांनी स्वतःचं गाणं थांबवलं, असं सांगतात. याचं नुसतं कौतुक मला करवत नाही. दोघींचं गाणं टिकायला हवं होतं.

तुमच्या मुलीसाठी एक सुचवते. तिच्या बाईंना विचारून तिला काही दिवस स्पर्धांपासून लांब ठेवा. क्लासमधली एखादी मोठी ताई कुठे गाणार असेल, तर तिच्यामागे तंबोऱ्यावर बसू दे. समोरून ऐकताना मुली तुलना करतात. मागे बसलं की ताईचा श्वास कुठे तुटतो, ती घाबरल्यावर स्वतःला कशी सावरते, हे दिसतं. घरी हिराबाई-सरस्वतीबाईंची जुगलबंदी लावा. आणि तिचा आवाज जाड असेल तर आधी गंगूबाई.