बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या गवळी धनगरांना कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळू शकतो का?

मिळू शकतो, पण अनुसूचित जमातीपेक्षा वाट अवघड. 2006 च्या वनहक्क कायद्यात ते 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात, म्हणजे 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्यांचा, अर्थात 75 वर्षांचा रहिवास दाखवायचा. आता डोंगरातल्या वाड्यावर 1930 सालचा कागद कुणाकडे असणार? म्हणूनच नियमांत सोय आहे: जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, घराचं जोतं, दफनभूमी, देवस्थान हेही पुरावे चालतात. निदान दोन जोडा. दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्या, वनखात्याकडे नव्हे. मिळणाऱ्या जमिनीची मर्यादा 4 हेक्टर. आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत उठवता येत नाही, खानापूरच्याच भीमगड अभयारण्यातही. दाव्याची पोच मात्र घ्याच.