पत्र्याची ट्रंक आणि डिसेंबरची सुट्टी

प्रश्न : मी कोथरूडला राहते, वय 61. ऑगस्टमध्ये आम्ही भिशीतल्या बाराजणी केनियाला मसाई मारा बघायला गेलो होतो. तिथे एका मसाई वस्तीत नेलं. बायका मण्यांच्या माळा विकत होत्या. त्यांच्यातली तेराएक वर्षांची मुलगी माझ्याशी चांगलं इंग्रजी बोलली. म्हणाली, सहावीपर्यंत शाळेत गेले, आता घरीच असते. निघताना गाईडनं हळूच सांगितलं, हिचं लग्न ठरतंय, गाईंची बोलणी चाललीत. तेव्हापासून ती पोर डोळ्यांसमोरून हलत नाही. आम्ही पन्नास हजार रुपये जमवलेत. गाईडकडे पाठवले तर चालतील का? माझी सून म्हणते, आपल्या ऊसतोडवाल्यांच्या मुली काय कमी आहेत? काय करावं?

उत्तर : ताई, गाईडकडे पाठवू नका. तो लबाड असेल असं मी म्हणत नाही. पण मी स्वतः ही चूक केली आहे आणि ती एका मुलीला भोगावी लागली.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही नऊ वर्षं नैरोबीत होतो. नैरोबीजवळच्या काजियाडो या मसाई भागात मुलींची एक निवासी शाळा होती, तिथे मी दर शनिवारी गणित शिकवायला जायची. आठवीतल्या एका मुलीची वर्षाची फी मी तिच्या काकांच्या हातात दिली. घरातलाच माणूस, शाळेत भरेल, असं वाटलं. ते 2009 साल होतं. पाऊस नव्हता, काजियाडोत रस्त्याच्या कडेला गुरं मरून पडली होती. काकांनी त्या पैशांनी घरात धान्य भरलं. उपाशी घरात दुसरं काय होणार होतं? पण फी थकली, आणि फी थकली की तिकडे मुलीला घरी धाडतात, पैसे घेऊन ये म्हणून. ती गेली ती आलीच नाही. जानेवारीत तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, डिसेंबरच्या सुट्टीत तिचं लग्न लागलं. मुलीच्या बदल्यात गाई येतात, आणि त्यांच्या गोठ्यात त्या वर्षी एकही उरली नव्हती.

म्हणून पैसे शाळेच्या खात्यावरच जायला हवेत. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत आधी लग्न थांबायला हवं, फी नंतर. केनियात 2014 च्या विवाह कायद्यानं अठराच्या आत लग्न लावता येत नाही. गाईडकडून वस्तीजवळच्या प्राथमिक शाळेचं नाव घ्या आणि मुख्याध्यापकांना आजच कळवा. तिथला चीफ, म्हणजे गावपातळीवरचा सरकारी अधिकारी, आणि मुलांसाठी नेमलेला अधिकारी यांच्यापर्यंत ते पोहोचू शकतात. तिथे मुलांसाठी 116 ही फुकट हेल्पलाइन आहे, ती गाईडलाही लावता येईल. हे सगळं गाजावाजा न करता. आणि तिचा फोटो कुणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असेल तर तो आधी काढायला लावा. पोरीला उद्या त्याच वस्तीत राहायचंय.

तिकडे शिक्षण फुकट आहे असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. प्राथमिक 2003 पासून आणि माध्यमिकची शिकवणी 2008 पासून सरकार भरतं, हे खरं. पण वसतिगृहाचा खर्च घरच्यांवरच असतो, आणि मसाई मुलीचं सगळं शिक्षण त्या वसतिगृहावर अडतं. वस्त्या विखुरलेल्या, शाळा कोसांवर, वाटेत हत्ती आणि रानम्हशी. रोज जा-ये करणारी मुलगी वयात आली की घरचे तिला शाळेत पाठवायला कचरतात. आपल्या आज्या-पणज्यांची शाळा न्हाण आल्यावर सुटायची, तसंच.

जानेवारीतल्या पहिल्या दिवशी तिकडे प्रत्येक मुलगी पत्र्याची ट्रंक घेऊन येते. फाटकाशी मेट्रन, म्हणजे वसतिगृह सांभाळणारी बाई, ती उघडायला लावते आणि यादीवर खुणा करत जाते : गादी, ब्लँकेट, दोन चादरी, बादली, कुलूप, साबण, बुटांचं पॉलिश. एका मुलीची ट्रंक तिच्या आईनं पाठीला बांधून आणली होती. उघडली तर आत एक लाल शुका, म्हणजे त्यांचं अंगावर घ्यायचं चौकड्याचं कापड, आणि साबणाची अर्धी वडी. मेट्रननं यादीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि काही न बोलता ट्रंक बंद केली. त्या आईनं दूध विकून फीचा पहिला हप्ता आणला होता. मसाई घरात गाई नवऱ्याच्या असल्या तरी दूध बायकोच्या हातात असतं. नोटांना दुधाचा वास येत होता. गादी मी घेऊन दिली. माझ्या हातून तिथे झालेलं तेवढं एक धड काम.

शाळेला पत्र लिहाल तेव्हा आधी एकच विचारा : सुट्टीत मुली कुठे असतात? मुलीचा खतना बहुतेकदा डिसेंबरच्या लांब सुट्टीत होतो आणि त्यापाठोपाठ लग्न. 2011 च्या कायद्यानं त्याला बंदी आहे, प्रमाणही उतरतंय : देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये 2014 ला 21 टक्के होतं, 2022 ला 15. मसाई भागात मात्र ते याहून पुष्कळ जास्त आहे. ज्या मुलीला घरी धोका असेल तिला सुट्टीतही ठेवून घेणाऱ्या शाळा आहेत. तशीच शोधा. केनियातल्याच एनूसायन गावच्या मसाई काकेन्या न्ताइया यांनी लहानपणी वडिलांशी सौदा केला होता : खतना करून घेते, पण मला शाळा पुरी करू द्या. पुढे त्या अमेरिकेत शिकल्या, परत आल्या आणि 2009 मध्ये गावात मुलींची निवासी शाळा काढली. त्यांच्यासारखा सौदा कुठल्याही पोरीला करावा लागू नये, म्हणून हा सुट्टीचा प्रश्न.

बँकेचं सोपं आहे. पॅन आणि परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म लागतो, बँक परदेशी देणगी म्हणून पाठवते. आयकरातली 80जी ची सवलत मिळणार नाही. शाळेकडून फीचा छापील तक्ता आणि दर सत्राची पावती मागा, ती मागितल्याचा कुणाला राग येत नाही. पन्नास हजार एकदम देऊन मोकळ्या होऊ नका. बाराजणी आहात, भिशीसारखेच महिन्याला काढा आणि ती बारावी होईपर्यंत चालवा. मधल्या सत्रात पैसे थांबले तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

सूनबाईंचं म्हणणं मला पटतं. ऊसतोडवाल्यांच्या मुलींसाठी वेगळी भिशी लावा, पहिली वर्गणी माझी. पण त्यांना हेही सांगा : डिसेंबर 1930 मध्ये, बहात्तराव्या वर्षी, अण्णासाहेब कर्वे आफ्रिकेला निघाले. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार करत दक्षिण आफ्रिकेपर्यंत पंधरा महिने फिरले, इथल्या बायकांच्या शिक्षणाचं काम लोकांपुढे मांडत. दिवाळीत त्यांच्या संस्थेच्या भाऊबीज निधीच्या पावत्या फाडत तुम्हीही फिरला असाल. कर्व्यांना तिकडच्या कुणी विचारलं असतं, पुण्याच्या मुलींचं आम्हाला काय म्हणून, तर?

तिकडचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, म्हणून शाळेशी बोलणं नोव्हेंबरच्या आत व्हायला हवं. आणि मुलीच्या बुटांचं माप मागवून घ्या. काळे चामड्याचे लागतात, आणि पहिल्या दिवशी पायात नसले तर पोरी रांगेत मागे मागे उभ्या राहतात.